अशक्त किंवा जखमी मधमाशी सापडली तर: साखरपाण्याच्या आधी करायच्या गोष्टी

जमिनीवर निपचित पडलेली मधमाशी दिसली की बहुतेकजण आधी घरात धावतात, चमचाभर मध किंवा साखरेचं पाणी आणतात आणि तिच्या तोंडाशी ओततात. हेतू चांगलाच असतो. पण चिकट पाण्यात लडबडलेली माशी श्वास कोंडून मरते, आणि मध पाजलेली माशी कधी कधी त्यातला रोग पोळ्यात घेऊन जाते. कितीतरी वेळा तर तिला काही झालेलंच नसतं. ती झोपलेली असते.

साखरपाणी ही या कामातली पाचवी पायरी आहे. तिच्याआधीच्या चार पायऱ्या नीट केल्या तर पाचव्या पायरीची गरज अनेकदा पडतच नाही.

हा लेख रानात, बागेत, गच्चीवर मोकळ्या फिरणाऱ्या माश्यांसाठी आहे: पोळं करून राहणाऱ्या मधमाश्या, एकट्या राहणाऱ्या छोट्या माश्या आणि लाकूड पोखरणारे मोठे काळे भुंगे. पेटीतल्या वसाहतीची काळजी हा वेगळा विषय आहे. जगात मधमाशीच्या कुळातल्या २०,००० हून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकट्या राहतात. म्हणून सापडलेल्या प्रत्येक माशीचं ‘पोळं’ शोधत बसू नका.

## तयारी: काय जवळ हवं, काय नको

माशी सापडल्यावर सामान शोधायला लागलात की घाई होते, आणि घाईत माशी चिरडते. एका छोट्या डब्यात एवढं ठेवून द्या:

- रुंद तोंडाचा पारदर्शक पेला किंवा डबी
- पोस्टकार्डाएवढा जाडसर कागद
- चित्रकलेचा मऊ, बारीक, कोरा ब्रश
- टिश्यू पेपर
- बाटलीचं उथळ झाकण
- साधी पांढरी साखर आणि एक छोटा चमचा
- झाकणाला बारीक भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका

कापूस घेऊ नका. माशीच्या पायांना टोकाला वाकड्या नख्या असतात. त्या कापसाच्या तंतूंत अडकतात आणि सोडवताना पाय तुटतो. चिमटाही नको. अगदी हलक्या हाताने धरला तरी माशीला तो सोसत नाही. जाड हातमोजे घातले तर बोटांना दाबाचा अंदाज येत नाही, त्यामुळे मी ते वापरत नाही. कागदावर चढवून घेतलं तर हात लावायची वेळच येत नाही.

थांबा आणि वर बघा. खाली वाकण्याआधी आजूबाजूला, झाडाच्या फांदीवर, छज्जाखाली पोळं लटकतंय का ते पाहा. मोठं उघडं पोळं जवळ असेल तर एका माशीसाठी तिथे बसू नका. चिडलेली किंवा चिरडलेली मधमाशी धोक्याचा गंध सोडते. त्यातलं एक मुख्य रसायन आपल्यालाही पिकलेल्या केळ्यासारखं वासाला येतं, आणि त्या वासाने बाकीच्या माश्या धावून येतात. तसा वास आला तर सावकाश, हात न झाडता, दूर व्हा.

फांदीला द्राक्षाच्या घोसासारखा माश्यांचा झुपका लटकलेला दिसला तर त्या आजारी नाहीत. नवं घर शोधायला निघालेला थवा विसावलाय, काही वेळाने तो आपणहून उडून जातो. त्याला ना पाणी लागतं ना साखर.

## पायरी १: दहा मिनिटं नुसतं बघा

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, कारण काहीच न करणं कठीण जातं. घड्याळ लावा आणि दोन हात लांब बसा. या दहा मिनिटांत एवढंच ठरवायचं आहे की माशी खरंच अडचणीत आहे का. पुढच्या गोष्टी पाहून लोक उगाच घाबरतात:

पहाटेची गार माशी. उडण्यासाठी माशीच्या छातीतले स्नायू साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापावे लागतात. रात्र बाहेर काढलेली माशी सकाळी दगडासारखी निश्चल असते. अंगावर दवाचे थेंबही असतात. ऊन अंगावर आलं की ती आपोआप हलू लागते.

दांड्याला चिकटलेली माशी. एकट्या राहणाऱ्या जातींच्या नरांना घर नसतं. संध्याकाळ झाली की ते गवताची काडी किंवा फुलाचा देठ जबड्यात घट्ट पकडतात आणि तसेच झोपतात. कधी कधी एकाच काडीवर पाच-सहा जण ओळीने असतात. पाय हवेत लोंबलेले पाहून ते मेलेत असं वाटतं. त्यांना सोडवायला जाऊ नका.

मातीत खुडबुडणारी माशी. एकट्या राहणाऱ्या पुष्कळ जाती जमिनीत बीळ करतात. अर्धी माती उकरून आत, अर्धी बाहेर अशी माशी दिसली तर ती रुतलेली नाही. ती घर बांधतेय.

ओल्या चिखलावरची माशी. ती पाणी पितेय. उचलाल तर तिचं काम मोडेल.

पोट सतत हलणारी माशी. ‘धापा टाकतेय’ असं लोक म्हणतात. माशीला फुप्फुसं नसतात. छाती-पोटाच्या कडांवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत-बाहेर करण्यासाठी ती पोट आकसते आणि फुगवते. उडण्याआधी अंग तापवताना हे जोरात होतं. म्हणजे ते मरणाचं लक्षण नाही, पुष्कळदा निघण्याची तयारी असते.

दहा मिनिटांनी काहीच हालचाल नसेल तर गवताच्या काडीने तिच्या पुढच्या पायाला हलकेच स्पर्श करा. फुंकर मारू नका. आपल्या उच्छ्वासाने मधमाश्या बिथरतात. केसाळ, जाड भुंगामाशीने (इंग्रजीत बंबलबी) मधला पाय उंच उचलला तर त्याचा अर्थ सरळ आहे: लांब राहा. लोकांना तो ‘टाटा’ वाटतो आणि ते आणखी जवळ जातात.

तपासा: ती रस्त्यात, पायवाटेवर, मुंग्यांच्या रांगेत किंवा पाण्यात आहे का? तसं असेल तर दहा मिनिटं थांबायचं नाही, थेट पायरी ३.

## पायरी २: नेमकं काय झालंय ते ओळखा

आधी ती मधमाशीच आहे याची खात्री करा. मधमाशीला चार पंख असतात, साध्या माशीला दोनच. पिवळे-काळे पट्टे असले तरी डोळे खूप मोठे, मिशा आखूड आणि पंख दोन असतील तर ती मधमाशीची नक्कल करणारी साधी माशी आहे. अंग गुळगुळीत आणि कंबर दोऱ्यासारखी बारीक असेल तर ती गांधीलमाशी.

मग पंख आणि अंग नीट बघा. उपाय कारणावर ठरतो.

पंखांच्या कडा झिजून दातेरी झाल्यात, पाठीवरचे केस गळून अंग चकचकीत काळं दिसतंय, तर ती म्हातारी आहे. कामाच्या हंगामातली कामकरी मधमाशी पाच-सहा आठवडेच जगते आणि शेवटचे दोन-तीन आठवडे फुलांवर फिरण्यात झिजून जाते. तिला साखरपाणी दिलंत तर काही तास मिळतील, फार तर एखादा दिवस. द्यायला हरकत नाही, पण तिला ‘बरं’ करता येत नाही.

पंख चुरगळलेल्या कागदासारखे, आखूड, वेडेवाकडे असतील तर ती कोशातून तशीच बाहेर आलीय. मधमाश्यांत हे बहुधा पंख विकृत करणाऱ्या विषाणूमुळे होतं, आणि तो पसरवतो पोळ्यातला व्हरोआ नावाचा कोळीवर्गी परजीवी. इथे तुमच्या हातात काही नाही. मात्र अशी माशी उचलून दुसऱ्या पोळ्याजवळ ठेवू नका.

सोंड बाहेर लोंबतेय, अंगाला कंप आहे, पाठीवर पडून गोल गोल फिरतेय, सरळ होता येत नाही, आणि आसपास तशाच आणखी चार-पाच पडल्यात, तर विषबाधेचा संशय घ्या. एकच माशी असेल तर कारण दुसरंही असू शकतं. अनेक असतील तर जवळपास कुठे फवारणी झालीय का ते विचारा. विषबाधेवर घरगुती उतारा नाही. त्यांना सावलीत, मुंग्यांपासून दूर ठेवा, धुऊ नका आणि आपले हात धुवा. खरा उपयोग फवारणाऱ्याशी बोलण्याचा होतो: फुलोऱ्यावर फवारू नका, आणि फवारायचंच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी उशिरा.

मोठ्या भुंग्याच्या किंवा केसाळ भुंगामाशीच्या अंगावर तपकिरी ठिपक्यांसारखे बारीक कोळीकीटक दिसले की लोकांना ते ओरबाडून काढायची घाई होते. बहुतेक वेळा ते फक्त प्रवासी असतात. काही सुतार भुंग्यांच्या माद्यांच्या अंगावर तर त्यांच्यासाठी वेगळी खोबणच असते. ते तसेच राहू द्या.

उरली ती थंडीने गारठलेली, भुकेली, भिजलेली, जाळ्यात अडकलेली आणि खोलीत कोंडलेली माशी. तुमची मदत खऱ्या अर्थाने कामी येते ती यांनाच.

## पायरी ३: उचलू नका, चढू द्या

कागदाची कड तिच्या पुढच्या पायांसमोर जमिनीला टेकवून धरा. माशीचा कल वर चढण्याकडे असतो. कागद किंचित तिरका धरलात तर बहुतेक वेळा ती स्वतः चढते. नाही चढली तर मागून ब्रशने अगदी हलका धक्का द्या, तोही पोटाच्या टोकाला. ढकलताना डोकं आणि पंख यांना ब्रश लावायचा नाही.

पंख धरून उचलणं ही इथली सगळ्यात महाग चूक. माशीचा पुढचा आणि मागचा पंख बारीक आकड्यांच्या रांगेने एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून ते एकत्र हलतात. पंखाला पकडलं तर आकडे सुटतात किंवा पंख मुळाशी तुटतो, आणि तो पुन्हा येत नाही.

किती लांब न्यायची? धोका टळेल एवढीच, दोन-चार पावलं. माशी परिसराच्या खुणा लक्षात ठेवून घरी परतते. एकट्या राहणाऱ्या छोट्या जाती काहीशे मीटरच्या आतच वावरतात. ‘आमच्या बागेत फुलं जास्त आहेत’ म्हणून गाडीतून घेऊन गेलात तर ती तिच्यापुरती परदेशी पोहोचते.

खोलीत अडकलेल्या माशीसाठी: दिवे बंद, बाकीचे पडदे बंद, एकच खिडकी पूर्ण उघडी. ती काचेवर आपटत असेल तर पेला वरून ठेवा, कागद मधून सरकवा आणि बाहेर न्या. काचेशी दिवसभर आपटून ती थकलेली असते. तेव्हा बाहेर नेल्यावर तिला फुलावर ठेवा, हवेत उडवू नका.

नांगी लागलीच तर. नर माशीला नांगी नसते आणि काही जातींच्या माद्याही फक्त चावतात, डंख मारू शकत नाहीत. मधमाशीच्या कामकरी मादीची नांगी काटेरी असते. ती कातडीत राहते आणि विषाची पिशवी त्यानंतरही विष ढकलत राहते. म्हणून नखाने असो वा कार्डाने, लगेच काढा. कशाने काढलीत यापेक्षा किती लवकर काढलीत याला महत्त्व आहे. भुंग्याची नांगी गुळगुळीत असते, तो पुन्हा डंख करू शकतो. श्वास घ्यायला त्रास, ओठ किंवा जीभ सुजणं, अंगभर गांधी, चक्कर, उलट्या यांपैकी काही झालं तर माशी बाजूला ठेवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. मधमाशीच्या डंखाची अॅलर्जी आहे असं ठाऊक असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

## पायरी ४: आधी कोरडी, मग उबदार

### भिजलेली माशी

पाण्यातून काढायला पान किंवा कागद खालून सरकवा. मग तिला टिश्यूवर ठेवा आणि टिश्यूचं टोक तिच्या अंगाला नुसतं टेकवा. पाणी आपोआप शोषलं जातं. पुसायचं नाही, चोळायचं नाही. अंगाला चिकटलेले पंख उलगडायचा मोह टाळा, वाळले की ती स्वतः पायांनी ते सोडवते.

निपचित दिसली तरी दोन तास द्या. पाण्यात पडलेल्या माश्या बऱ्याच वेळाने हलायला लागतात. भुंगामाशीच्या शीतनिद्रेतल्या राण्या पाण्याखाली आठवडाभर राहूनही जगल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. उन्हाळ्यातल्या साध्या कामकरी माशीला ते लागू नाही, पण ‘मेली’ म्हणून लगेच टाकून देऊ नका एवढं त्यातून घ्या.

तपासा: अंगावरचे केस चिकटून टोकदार झुपके झालेत का? मग ती अजून ओली आहे. केस सुटे आणि मऊ दिसू लागले की कोरडी.

### गारठलेली माशी

सकाळच्या कोवळ्या उन्हात, वाऱ्यापासून आडोशाला, कागदावर किंवा पानावर ठेवा. १५ ते ३० मिनिटांत मिशा हलू लागतात, मग पाय, मग छातीत थरथर दिसते. ही थरथर म्हणजे पंख न हलवता स्नायू तापवणं आहे. यावेळी तिला अजिबात छेडू नका.

ऊन नसेल तर साध्या खोलीतली ऊब पुरते. केस वाळवायचं यंत्र, दिव्याचा बल्ब, इस्त्री, गरम पाण्याची पिशवी यांतलं काही नको. एवढासा जीव मिनिटाभरात भाजतो. आणि बंद काचेचा पेला उन्हात ठेवून विसरू नका, त्याची भट्टी होते.

### उलटा प्रकार: उन्हाने लोळागोळा झालेली

भर दुपारी तापलेल्या फरशीवर सापडलेल्या माशीला ऊब नाही, सावली लागते. तिला झाडाच्या बुंध्याशी, ओलसर पानावर ठेवा आणि शेजारी साध्या पाण्याचा एक थेंब. साखर नंतर. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही आणि ते कडक उन्हात बसूनच तिला साखरपाणी पाजत राहतात.

### जाळ्यात अडकलेली

जाळ्याचे धागे माशीपासून थोडं अंतर ठेवून तोडा आणि तिला खडबडीत सालीवर ठेवा. पायांना पकड मिळाली की उरलेले धागे ती स्वतःच साफ करते. पाऊण तासानेही एखादा धागा पंखाला राहिलाच तर ब्रशचं टोक पंखाच्या मुळाकडून टोकाकडे ओढा. कधीही उलटं नाही. कोळ्याने आधीच दंश करून गुंडाळून ठेवलेली माशी वाचत नाही. ती कोळ्याचं जेवण आहे, त्यालाच राहू द्या.

## पायरी ५: आता साखरपाणी, तेही थेंबभर

माशी कोरडी आहे, तिला ऊब मिळालीय, ती चालतेय, पण उडत नाही. आता भूक हे कारण धरायला जागा आहे.

जवळ मकरंद असलेलं ताजं फूल असेल तर आधी तेच. तिला फुलावर चढवा आणि पाच मिनिटं पाहा. फूल मिळालं तर मी साखरेच्या वाटेला जातच नाही.

प्रमाण: दोन चमचे पांढरी साखर, एक चमचा पाणी. साखर पूर्ण विरघळू द्या. त्यासाठी पाणी गरम केलंत तर थेंब मनगटावर टाकून पाहा, गरम लागता कामा नये. समप्रमाणात साखर-पाणी घेतलं तरी चालतं, पण सरबताएवढं पातळ नको. तेवढ्या साखरेसाठी तिला नको तितकं पाणी प्यावं लागतं.

किती द्यायचं: एक थेंब. कामकरी मधमाशीच्या मधाच्या पिशवीत सुमारे ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम थेंबभर मावतं. मोठ्या भुंग्याला दोन थेंब.

कसं द्यायचं:

१. थेंब झाकणावर किंवा पानावर सपाट जागी ठेवा. खोलगट भाग नको.

२. ते तिच्या तोंडासमोर एक सेंटिमीटरवर सरकवा. माशीला थेंबाकडे नेऊ नका, थेंब माशीकडे न्या.

३. नाहीच लक्ष गेलं तर साखरपाण्यात बुडवलेलं ब्रशचं टोक तिच्या मिशीच्या टोकाला लावा. गोड पाणी मिशीला लागताच भुकेली माशी सोंड आपोआप बाहेर काढते. ही ठरावीक प्रतिक्रिया आहे, शिकवावी लागत नाही.

४. डोक्याखाली दुमडलेली बारीक तपकिरी सोंड उलगडून थेंबात गेली की हात मागे घ्या. पिण्याला एक ते पाच मिनिटं लागतात.

५. प्यायल्यावर उरलेला थेंब पुसून टाका.

तपासा: मिशीला गोड लागूनही सोंड आली नाही तर दोनच शक्यता. एक, ती अजून गार आहे, तेव्हा पायरी ४ वर परत जा. दोन, तिला भूक नाही. तोंड उघडायचा प्रयत्न, सुईशिवायच्या सिरिंजने तोंडावर थेंब टाकणं, काहीही करू नका. श्वासाची छिद्रं अंगाच्या कडांवर आहेत. साखरपाणी अंगावर सांडलं की ती छिद्रं चिकटतात आणि पंखही. माझ्या हातून पहिली माशी अशीच गेली: चमचा तिच्याजवळ ठेवला, ती चमच्यात घसरली आणि मी तिला बाहेर काढेपर्यंत तिचा लाडू झाला होता. तेव्हापासून चमचा फक्त ढवळायला.

अशी लडबडली तर कोमट साध्या पाण्यात ओला केलेल्या ब्रशने पोट आणि पाय हलके ओले करा, टिश्यू टेकवा आणि पुन्हा पायरी ४ ची वाळवणी.

### काय पाजायचं नाही, आणि का

मध नाही. सगळ्यात जास्त वाद इथेच होतो, कारण ‘मध तर तिचाच’. पण तो तिच्या पोळ्यातला नाही. मधात मधमाश्यांच्या अळ्यांना मारणाऱ्या फाउलब्रूड रोगाच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, आणि ते कित्येक दशकं जिवंत राहतात. माणसाला त्यांचा काही त्रास होत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही. पोळ्यातल्या माश्या तोंडातून तोंडात अन्न वाटतात. तुम्ही एकीला पाजलेलं संध्याकाळपर्यंत अनेकींच्या पोटात असतं.

गूळ, तपकिरी साखर, काकवी नाही. त्यांतले क्षार आणि मळी माशीला पचत नाहीत, हगवण लागते. आपल्यासाठी जे ‘जास्त नैसर्गिक’, ते तिच्यासाठी जड. इथे पांढरी साखरच योग्य.

बिनसाखरेच्या गोळ्या, शीतपेयं, फळांचा रस, दूध, ग्लुकोजच्या क्षारयुक्त पुड्या नाहीत. गोळ्यांत ताकद शून्य, बाकीच्यांत नको ते सगळं.

साखरपाण्याची वाटी बाहेर भरून ठेवू नका. वाटीभोवती वेगवेगळ्या पोळ्यांच्या माश्या जमतात, एकमेकींशी लढतात, रोग वाटतात, बुडतात. मुंग्या आणि गांधीलमाश्या येतात त्या वेगळ्याच. शिवाय साखरेत पराग नाही, म्हणजे प्रथिनं नाहीत. साखरपाणी हे एका अडलेल्या माशीला दिलेलं एक वेळचं इंधन आहे. बागेतल्या माश्यांसाठी कायम काही करायचं असेल तर खडे टाकलेल्या उथळ ताटलीत साधं पाणी ठेवा.

## पायरी ६: पुन्हा थांबा

प्यायल्यावर ती बहुधा जागीच बसते, तोंड-मिशा पुसते, पोट हलवते. अर्धा ते पाऊण तास द्या. दुसरा थेंब लगेच देऊ नका.

तासाभरानेही उडाली नाही पण पाय टाकतेय, तर एकदा आणखी एक थेंब. त्यानंतरही तेच असेल तर तिचा प्रश्न भुकेचा नाही. पायरी २ वर जाऊन पंख पुन्हा नीट पाहा.

### अंधार पडला किंवा पाऊस आला तर

भोकं पाडलेल्या खोक्यात तळाला कागद, एक वाळकं पान आणि बाटलीच्या झाकणावर साखरपाण्याचा एक थेंब. खोका खोलीतल्या थंड, अंधाऱ्या, मुंग्या पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवा. फ्रिजमध्ये नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावर नाही. रात्री झाकण उघडून दिवा लावून बघू नका, ती दिव्याकडे झेपावते आणि आपटत राहते. एवढं सगळं एका रात्रीपुरतंच. ऊन वर आलं की खोका सापडल्या जागी नेऊन उघडायचा.

## पायरी ७: सोडताना

जिथे सापडली तिथेच, चार-पाच मीटरच्या आत. दिवसा, पाऊस नसताना. फुलावर किंवा उन्हातल्या पानावर चढवायची आणि बाजूला व्हायचं.

हवेत उडवून ‘उड’ म्हणायचं नाही. स्नायू तापलेले नसतील तर ती दगडासारखी खाली पडते. ओळखीचं पोळं दिसलं म्हणून त्याच्या दारात नेऊनही ठेवू नका. पहारेकरी माश्या वासावरून परकी ओळखतात, आणि पुष्कळदा हाकलतात किंवा मारतात.

उडताना ती आधी घिरट्या घालील, मग वर जाईल. सरळ रेषेत गेली नाही म्हणून तिला परत पकडायला धावू नका.

## पंखच गेला असेल तर

पूर्ण वाढलेली माशी पुन्हा कात टाकत नाही. त्यामुळे तुटलेला पंख येत नाही आणि फाटलेला भरत नाही. फुलपाखरांच्या पंखांना तुकडा चिकटवल्याचे व्हिडिओ पाहून मधमाशीवर डिंक वापरू नका. तिचे पंख सेकंदाला शेकडो वेळा हलतात, थोडंसं जास्तीचं वजनही त्यांना झेपत नाही.

कड थोडी फाटली असेल तर ती उडते, ठोके वाढवून भरपाई करते. पुढचा-मागचा पंख नुसते सुटलेले दिसत असतील तर तिला एकटं सोडा, आकडे ती परत अडकवते. एक पाय नसला तरी चालतं. पण एका बाजूचा पंख अर्ध्याहून जास्त गेला असेल तर ती पुन्हा उडणार नाही.

तेव्हा माझा पर्याय एकच: दाट, फुलोऱ्यावर आलेल्या झुडपात, मुंग्यांच्या रांगेपासून दूर, तिला फुलावर ठेवणं. ती तिथे चालत एका फुलावरून दुसऱ्यावर जाते, मकरंद पिते आणि जितके दिवस आहेत तितके काढते. डबीत ठेवून पाळायच्या मी विरोधात आहे. पोळ्यातली कामकरी माशी एकटी पडली की खाऊ-पिऊ घालूनही काही दिवसांतच जाते, आणि ते दिवस प्लॅस्टिकच्या भिंतीवर चढून पडण्यात जातात. एखादीला रोज नवं फूल पुरवायची तयारी असेल, आणि ती एकट्या राहणाऱ्या जातीची असेल, तर झाडाच्या एका फांदीलाच सैल जाळीची पिशवी बांधून आत ठेवता येईल. बाहेरच, घरात नाही.

## शेवटी सामान

ब्रश, झाकण, पेला साबण आणि गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. टिश्यू आणि कागद टाकून द्या. उरलेलं साखरपाणी उद्यासाठी ठेवू नका, ते आंबतं, आणि लागेल तेव्हा नवं करायला अर्धं मिनिट पुरतं. आजारी वाटलेल्या माशीचा ब्रश दुसऱ्या माशीला लावायचाच नाही, तो वेगळा ठेवा किंवा टाका. मग साखरेची डबी भरून सगळं पुन्हा त्या डब्यात.